पिकअपच्या हौद्यावर कॅम्पर : बेळगाव, खानापूर, चंदगड भागात करून घेणाऱ्यांसाठी

मलप्रभाकाठ (धागाकर्ता)

मंडळी, तयार कॅरव्हॅन हा वेगळा विषय. इथे बोलायचंय ते पिकअपच्या हौद्यात बसणाऱ्या डब्याबद्दल. आत दोघांची झोपायची सोय, छोटी शेगडी, पाणी, पंखा, दिवा. फिरणं झालं की चार कोपऱ्यांना जॅक लावून डबा अंगणात उतरवायचा आणि गाडी परत मालवाहतुकीला मोकळी. आपल्याकडे बोलेरो पिकअप नाही अशी गल्ली सापडायची नाही, त्यामुळे वेगळी गाडी न घेता हे जमतं. मला हा प्रकार आपल्या भागासाठी मनापासून पटलेला आहे.

पण जो तो विचारायला येतो तो ओट्याचे आणि गादीचे फोटो घेऊन येतो. ओटा शेवटी. आधी वजन.

डिझेल फुल करा, रिकामी गाडी काट्यावर न्या. साखर कारखान्यांच्या जिल्ह्यात काटा शोधत फिरावं लागत नाही. गाळप हंगामात मात्र ट्रॅक्टरच्या रांगेत अडकाल, म्हणून पावसाळ्यात किंवा एखाद्या खासगी काट्यावर जा. दोन पावत्या घ्या. एक अख्ख्या गाडीची, दुसरी फक्त मागची चाकं काट्यावर ठेवून. वजाबाकी केली की पुढच्या एक्सलचं वजन मिळतं. हे तीन आकडे जपून ठेवा. आरसीवर भारासकट एकूण वजन लिहिलेलं असतं, त्यातून काट्यावरचं वजन आणि बसणाऱ्या माणसांचं वजन वजा करा. उरेल तेवढंच तुमचं. डबा, पाणी, बॅटरी, गॅस, भांडी, अंथरूण-पांघरूण, तांदळाची पिशवी, सगळं त्यात बसलं पाहिजे.

माझा डबा रिकामा ३८० किलोचा आहे. प्रवासाला निघताना तोच ५८० च्या घरात जातो. ६० लिटर पाणी म्हणजे सरळ ६० किलो. बाकीचं किरकोळ सामान एकेक करून हलकं वाटतं, काट्यावर सगळं मिळून कळतं. म्हणून बांधणाऱ्याने सांगितलेला रिकाम्या डब्याचा आकडा धरून चालू नका, भरलेल्याचा धरा.

डबा चढवला की परत काट्यावर जा आणि पुढच्या एक्सलचा आकडा बघा. तो आधीपेक्षा थोडा तरी वाढलेला हवा. उलट कमी झाला असेल तर डब्याचा तोल मागच्या एक्सलच्या मागे गेलाय. अशी गाडी सपाटीला बरी चालते, पण चोर्ला घाटाच्या ओल्या वळणावर पुढची चाकं जमिनीला नीट धरत नाहीत. पाण्याची टाकी, बॅटरी, जड सगळं केबिनच्या बाजूला आणि तळाला. मागच्या दाराकडे कपडे, गाद्या. तोल बरोबर असला तरी जवळपास सगळा भार मागच्या एक्सलवरच जातो, म्हणून टायरच्या बाजूवरचा लोड इंडेक्स वाचा. १०४ म्हणजे एका टायरला ९०० किलो, ११२ म्हणजे ११२०. स्प्रिंगचे पाटे वाढवून गाडी मागून उचलली जाते, पण आरसीवरचा भार त्याने वाढत नाही. गॅरेजवाला काहीही म्हणो.

निपाणीकर

उत्तम धागा. दोन प्रश्न. माझ्याकडे बोलेरो नाही, इसुझूची व्ही-क्रॉस पिकअप घ्यायचा विचार आहे. टोयोटाची हायलक्सही बघून आलोय. चालेल का? आणि आरटीओचं काय? आमची केए-२३, पण भाऊ कोल्हापुरात असतो, गाडी बराच काळ त्याच्याकडे राहील.

मलप्रभाकाठ

गाड्या देखण्या आहेत, चढाला दमदार आहेत, पण या दोन्हींचा भार बोलेरो पिकअपच्या मानाने बराच कमी. बोलेरोची १.३ टन, १.७ टन ही नावंच भारावरून आहेत. तुम्ही ज्या मॉडेलवर बोट ठेवाल त्याचा भार शोरूममध्ये लेखी मागा आणि मगच बयाणा द्या. चारशे-पाचशे किलोच्या आत बसायचं असेल तर पूर्ण डबा विसरा. हौद्यावर हलकं झाकण, आत सरकता पलंग, फाळक्यावर (हौद्याच्या मागच्या उघडत्या झडपेवर) शेगडी असा बेत ठेवा. तोही छान होतो.

आता कायदा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीवरच्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये हेच ठणकावून सांगितलं. म्हणजे केबिनची मागची भिंत कापणं, चासीवर खोली वेल्ड करणं, हौदा काढून टाकणं नाही. पक्की कॅरव्हॅन हवी असेल तर तिच्यासाठी एआयएस-१२४ हे वेगळं मानक आहे, ते पाळणाऱ्या मान्यताप्राप्त बांधणाऱ्याकडेच जा. आपला डबा सुटा, बोल्ट काढले की उतरणारा ठेवा. तरी आपल्या आरटीओत नकाशा आणि फोटो घेऊन जा, निरीक्षकांना दाखवा, विमा कंपनीलाही पत्र देऊन पोच घ्या. एखाद्या एजंटाच्या ‘काही होत नाही ओ’ वर विसंबू नका.

डबा हौद्याच्या रुंदीबाहेर काढायचा मोह टाळा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९४ मध्ये जादा भाराला २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० असा दंड आहे. माल बाजूने, मागे-पुढे किंवा उंचीला मर्यादेबाहेर गेला तरी २०,०००. पलंगासाठी सहा इंच जास्त मिळतात म्हणून हे विकत घेऊ नये.

भावाचं म्हणाल तर दुसऱ्या राज्यात गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिली तर कलम ४७ प्रमाणे तिथे नवी नोंदणी लागते, त्याआधी चिक्कोडी आरटीओचं ना हरकत पत्र. येऊन-जाऊन असेल तर डिझेलच्या, टोलच्या पावत्या जपून ठेवा.

आणि सगळ्यांनाच सांगतो, चालत्या गाडीत डब्यात कुणी बसायचं नाही. मुलं कितीही हट्ट करोत.

उद्यमबाग_लेथ

मी फॅब्रिकेशनचं काम करतो, असले दोन-तीन डबे आमच्याकडं झालेत. करून घेणाऱ्यानं सुताराकडं जायच्या आधी आमच्याकडं यावं, एवढंच सांगायला आलो. कारण सांगतो बघा.

फर्निचरवाला सुतार सवयीनं १८ एमएमची प्लाय काढतो. आठ बाय चारची एक अख्खी शीट ३५ किलोच्या आसपास भरते. वर सनमायका, वर बिडिंग. चार शीट लागल्या की तुमचं सगळं वजन तिथंच संपलं. पलंगाला ९ एमएम, कपाटाच्या दाराला ६ एमएम पुरते, खाली फ्रेमचा आधार द्यायचा. मरीन प्लाय घ्या, आणि कापलेल्या कडा सील करा. पाणी कडेतनंच शिरतंय.

फ्रेमला एक इंची चौकोनी लोखंडी पाइप, १.६ एमएम जाडीची, मीटरला १.२ किलो धरा. ॲल्युमिनियम त्याच्या तिसऱ्या हिश्श्याचं, पण तेवढ्याच ताकदीला जाड सेक्शन लागतो आणि वेल्डिंगला हात चांगला पाहिजे. हौद्यातल्या खालच्या चौकटीला आणि जॅकच्या कोपऱ्यांना लोखंड, वर ॲल्युमिनियम, असं मी करतो. दोन धातू जिथं भेटतात तिथं मध्ये रबर घाला, नाहीतर पावसात ॲल्युमिनियम खाऊन जातंय.

बांधणी हौद्याच्या पत्र्याला करू नका. पत्रा फाटतो. चार टर्न बकल (फिरवून आवळायचे हूक), चारही चासीच्या आधाराला. पहिले वीस-तीस किलोमीटर झाले की थांबून परत आवळायचं, हे विसरायचं नाही. आणि डब्याखाली गोठ्यातली रबर मॅट घाला की ओ, म्हशीच्या पायाखाली घालतात तीच. डबा सरकत नाही, आवाज येत नाही.

जॅकचं माप मात्र अंदाजानं सांगू नका. गाडी घेऊन या. दोन जॅकच्या मधनं मागची चाकं दोन्ही बाजूला हातभर जागा ठेवून गेली पाहिजेत.

कणकुंबी_पाऊस

आमच्याकडे पाऊस जिल्ह्यात सगळ्यात जास्त पडणाऱ्यांतला, तेव्हा गळतीवर बोलायचा अधिकार आम्हाला आहे असं समजा.

छताला सांधा नको. एकच अखंड पत्रा किंवा शीट, मागच्या बाजूला किंचित उतार, आणि कडेला पाऊण इंच खाली वळवलेली ओठाळी, म्हणजे पाणी भिंतीवरून न ओघळता खाली टपकतं. जिथे सांधा टाळता येत नाही तिथे आधी बुटाइल टेप, मग स्क्रू, वरून पीयू सीलंट. बाथरूममध्ये वापरतात तो सिलिकॉन वापरू नका. गाडी खड्ड्यांतून जाताना डबा पिळवटतो, दोन पावसाळ्यांत सिलिकॉनची पट्टी सुटून येते, आणि एकदा सिलिकॉन लागलेल्या जागेवर दुसरं काही धड चिकटत नाही. खिडकी जेवढी कमी तेवढी चांगली. दोन पुरे, समोरासमोर.

आता ज्याला लोक गळती समजतात आणि गळती नसते, ते. जुलैत खिडक्या बंद करून दोघं झोपली की पहाटे छताच्या आतून थेंब पडायला लागतात. बाहेरून कितीही सीलंट मारा, थांबत नाही. ते पाणी आपल्या श्वासाचंच. ते थंड लोखंडी फ्रेमवर जमतं. नीट बघितलंत तर थेंबांची ओळ बरोबर पाइपच्या रेषेत दिसेल, मधल्या थर्मोकोलच्या भागात नाही. उपाय दोन आहेत. फ्रेमवरून आतल्या बाजूने सलग फोम घालणं आणि छताला झाकणाचा झरोका ठेवून त्यात छोटा पंखा रात्रभर हळू चालू ठेवणं. गादीखाली प्लाय सपाट नको, पट्ट्या मारा, नाहीतर आठवड्यात गादीच्या पोटाला बुरशी.

चंदगडी

मी अजून पटलेला नाही. एवढा खर्च आणि उपद्व्याप करण्यापेक्षा ताडपत्री आणि तंबू काय वाईट? आणि डबाच करायचा तर एसी का नको? एप्रिलमध्ये अथणी, रायबागकडे आत शिजून निघाल.

मलप्रभाकाठ

तंबू वाईट नाहीच. उघडिपीला मीही तंबूच निवडेन. डबा कामाला येतो तो जून ते सप्टेंबर आणि घरातलं वयस्कर माणूस बरोबर असताना. एसीचं विजेचं गणित वीजवाल्यांनी सांगावं.

दिवा_बत्ती

सांगतो. वीज जोडणी हाच माझा धंदा.

१०० अँपिअर-अवर, १२.८ व्होल्टची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी म्हणजे १२८० वॉट-अवर. साध्या लेड ॲसिड बॅटरीतून निम्मीच वीज काढावी, नाहीतर ती लवकर मरते. वजनही दुपटीहून जास्त. म्हणून इथे पैसे लिथियमवर घाला. रोजचा खर्च: ४० लिटरचा १२ व्होल्ट कॉम्प्रेसर फ्रिज उन्हाळ्यात ४०० ते ५०० वॉट-अवर, दोन डीसी पंखे रात्रभर २०० ते ३५०, दिवे आणि मोबाईल १००. म्हणजे एका बॅटरीत जवळपास दीड दिवस. छोटा एसी ६०० वॉटचा धरला तरी रात्रीचे आठ तास ४८०० वॉट-अवर, चार बॅटऱ्या झाल्या आणि भरायच्या कशा हा प्रश्न वेगळाच. अथणीला जायचंच असेल तर छतावर पांढरा रंग, त्याच्या चार बोटं वर सोलर पॅनेल म्हणजे सावलीही मिळते, आणि गाडी झाडाखाली.

२०० वॉटचं पॅनेल मार्चमध्ये दिवसाला ७०० ते ८०० वॉट-अवर देतं. जुलैत जांबोटी रस्त्याला तेच पॅनेल फ्रिजचाही खर्च भागवत नाही. म्हणून पावसाळी फिरणाऱ्याने इंजिनवरून चार्जिंग घ्यायलाच हवं. बीएस-६ गाडीला थेट वायर ओढू नका, मध्ये डीसी-डीसी चार्जर (गाडीच्या विजेवर डब्याची बॅटरी नीट भरणारा) लावा. २० अँपिअरचा चार्जर तीन तास गाडी चालली की दिवसाचा खर्च भरून काढतो. त्याला वायर १६ चौरस मिलिमीटरची. घरातली ६ ची वायर घातली तर एवढ्या लांबीवर व्होल्टेज वाटेतच पडतं. फ्यूज दोन्ही बॅटरींच्या टर्मिनलपासून वितीच्या आत. पत्र्यातून वायर जाते तिथे रबरी ग्रोमेट हवाच; गाड्या पेटतात त्या अशा घासलेल्या वायरीवरून.

यल्लम्माची_वाट

नमस्कार. मी थोडं वेगळं विचारते. आमचं घर दरवर्षी पौर्णिमेला सौंदत्तीला जातं. ट्रॅक्टर, टेम्पोला ताडपत्री बांधून, तिथेच चूल मांडून, हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. सासूबाई पंचाहत्तरीच्या आहेत. त्यांना यायचंच असतं, पण गेल्या वेळी गर्दीत शौचाला जायची सोय नाही म्हणून त्यांनी दोन दिवस पाणीच पिलं नाही. त्यांच्यासाठी म्हणून आम्ही हा डबा करायला निघालोय. फ्रिज, सोलर काही नको. आत चढणं, शौचाची सोय आणि चहापुरता गॅस, एवढंच सांगा.

मलप्रभाकाठ

ताई, तुमचा डबा या धाग्यातला सगळ्यात चांगला डबा होणार. तुमच्यासाठी सविस्तर लिहितो.

चढणं: हौद्याची जमीन साधारण अडीच-तीन फूट उंच असते. दुमडती शिडी सासूबाईंना नको. सुट्या चार-पाच पायऱ्यांचा लोखंडी घडवंचीसारखा स्टँड करून घ्या, पायरी सात इंचांपेक्षा उंच नको, पूर्ण पाऊल मावेल एवढी खोल हवी, वर खरखरीत पत्रा. अडीच फुटाला चार, तीन फुटाला पाच पायऱ्या लागतात. दाराच्या दोन्ही बाजूंना उभे दांडे, आणि एक दांडा आत, कारण शेवटच्या पायरीवरून आत येताना हात कुठे धरायचा हाच खरा प्रश्न असतो. पलंग त्यांच्या गुडघ्याच्या उंचीचा, केबिनवरचा नको.

शौच: दोन भागांचा पोर्टेबल टॉयलेट मिळतो, वर बसायचं आणि स्वच्छ पाणी, खाली बंद टाकी, मध्ये झडप. खालची टाकी २० लिटरची घ्या. पडदा नको, पातळ प्लायचं दार करा, म्हणजे त्या संकोचणार नाहीत. बसल्या उंचीला दांडा इथेही. टाकी भरली की सार्वजनिक शौचालयात किंवा घरच्या संडासात रिकामी करायची. शेतात, ओढ्यात, नदीत कधीच नाही. हे मी सगळ्यांनाच कळकळीने सांगतो. मलप्रभा कणकुंबीला उगम पावते आणि तेच पाणी सौंदत्तीजवळच्या धरणात साठतं, पुढे कितीतरी गावं तेच पितात. भांड्यांचं साबणपाणीही कॅनमध्ये साठवा.

गॅस: ५ किलोचा छोटा सिलिंडर पुरे. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला की वर न जाता जमिनीला साठतो. म्हणून सिलिंडरला स्वतंत्र कप्पा हवा. तो आतून पूर्ण बंद, बाहेरून उघडणारा, आणि तळाला थेट खाली उघडणारं भोक. खिडकी उघडी आहे म्हणून चालेल असं नाही. निघताना आणि झोपताना सिलिंडरचाच नॉब बंद करायचा, नुसता शेगडीचा नव्हे. तुमचा चहा तर बाहेर फाळक्यावरच करा, सगळ्यात सुरक्षित. दारापाशी अग्निशामक.

आणि पौष-माघातली थंडी असली तरी कोळशाची शेगडी आत घेऊन झोपायचं नाही. निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपलेलं माणूस उठतच नाही. बॅटरीवर चालणारा त्याचा अलार्म मिळतो, तो पलंगाजवळ लावा. पांघरूण एक जास्त घ्या.

यल्लम्माची_वाट

मनापासून आभार. पायऱ्यांचं कुणीच सांगितलं नव्हतं. गाडी दिराची पिवळ्या पाटीची बोलेरो आहे. घरच्या कामाला, साध्या लायसन्सवर यजमान चालवू शकतात ना?

मलप्रभाकाठ

हो. ७,५०० किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीला एलएमव्हीचं, म्हणजे हलक्या वाहनाचं, लायसन्स चालतं, सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केलंय. फिटनेस आणि विमा चालू आहे ना ते मात्र आधी बघा. केबिनमध्ये आरसीवर जेवढ्या सीट तेवढीच माणसं, बाकीची मंडळी दुसऱ्या गाडीने.

चंदगडी

ताईंचं वाचून माझं मत बदललं. आता मुक्कामाबद्दल माझी भर.

भीमगड अभयारण्यात किंवा वनखात्याच्या जागेत परवानगीशिवाय रात्र काढायची नाही, रस्त्याकडेलासुद्धा. त्यापेक्षा देवळाच्या ट्रस्टला, पंचायतीत किंवा शेतकऱ्याला विचारा. आपल्या भागात विचारलं तर नाही म्हणत नाहीत, उलट ताक आणून देतात. न विचारता गाडी लावली की मात्र रात्री बॅटऱ्या घेऊन लोक येतात, आणि त्यांचं बरोबरच असतं.

जमीन बघा. खानापूर, चंदगडकडच्या जांभ्या मुरमात गाडी रुतत नाही. गोकाक, सौंदत्तीकडच्या काळ्या मातीत एक सर आली की भरलेली पिकअप बुडापर्यंत बसते, मग ट्रॅक्टरच. ढग दिसले तर डांबराच्या कडेलाच थांबा. नोव्हेंबर ते मार्च चिक्कोडी, अथणी, रायबाग रस्त्यांना रात्री जाऊ नका; उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर पाचटात झाकलेला. डबा असलेल्या गाडीला ब्रेक उशिरा लागतो. घाट उतरताना ज्या गिअरने चढलात त्याच्याच आसपास ठेवा, ब्रेकवर बसू नका. आणि डब्याची उंची फूट-इंचात लिहून स्टिअरिंगसमोर चिकटवा. रेल्वेखालच्या बोगद्याशी पोचल्यावर उतरून टेप लावायची वेळ येऊ नये.

निपाणीकर

धागा वाचून व्ही-क्रॉस रद्द, जुनी १.३ टन बघतोय. शेवटचं एक: डबा उतरवून महिनोन्‌महिने ठेवायचा असेल तर जॅकवरच ठेवला तर चालतो का?

उद्यमबाग_लेथ

नाही. जॅक उतरवण्यापुरते. गाडी बाहेर निघाली की डबा जमिनीपासून गुडघाभर उंचीपर्यंत खाली आणा. चारही जॅक आळीपाळीनं, एकेकाला दोन-दोन इंच, एकदम एक बाजू नाही. खाली रेल्वेच्या स्लीपरसारखे जाड ठोकळे घाला आणि सगळं वजन त्याच्यावर बसवा. प्रत्येक जॅकखाली फूटभर चौकोनी फळी ठेवा, पावसात अंगण मऊ होतंय. पाणी काढून टाकी उघडी ठेवा, सिलिंडर बाहेर काढा, बॅटरी अर्ध्याच्या वर चार्ज करून निगेटिव्ह वायर सोडवून ठेवा. तळाच्या सगळ्या भोकांना बारीक जाळी मारा, उंदीर वायर खातात. परत चढवताना पाटे, टर्न बकलचे हूक आणि वेल्डिंगच्या जागा हातानं चाचपून बघायच्या, गंज दिसला तर माझ्याकडं नाही तर कुणाकडंही, पण दाखवूनच चढवा.